२३५/८० आर २२.५ च्या जागी कोणता टायर? जड मोटरहोमच्या बदली साइजचं परीक्षण

अमेरिकेत सेकंडहँड क्लास ए मोटरहोम (बसच्या आकाराचं चाकांवरचं घर) घेतली की पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा टायरचा निघतो. नक्षी शाबूत असते, मैल फारसे झालेले नसतात, पण टायरचं वय झालेलं असतं. सहाच्या सहा बदलायचे म्हटलं की दुकानदार विचारतो, साइज तीच हवी की दुसरी चालेल? गाडी फोर्डच्या एफ-५३ चासीवरची असेल आणि टायरवर २३५/८० आर २२.५ लिहिलेलं असेल, तर हा प्रश्न हमखास येतो. ही साइज जवळजवळ फक्त मोटरहोमसाठी बनते. मिशेलिनचा एक्सआरव्ही हा तिचा नेहमीचा टायर. ट्रकच्या टायरचं मोठं दुकान असलं तरी तिथे ही साइज शेल्फवर असेलच असं नाही. मागवावी लागते, थांबावं लागतं, आणि प्रवासात टायर गेला तर हे थांबणं फार महागात पडतं.

पर्याय म्हणून दोन साइज पुढे केल्या जातात: २४५/७५ आर २२.५ आणि २५५/७० आर २२.५. तिन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर निकाल असा. डिस्कची (टायर ज्यावर चढतो त्या रिमची) रुंदी, डिस्कवर कोरलेला दाब आणि मागच्या जोडचाकांमधलं अंतर या तिन्ही गोष्टी जमत असतील तर २५५/७० घ्या. यांतली एक जरी जमत नसेल तर मूळ २३५/८० वरच राहा, मागवून घ्यावी लागली तरी. २४५/७५ चा नंबर त्यानंतर. पण "बसतोय ना, मग झालं" एवढ्यावर साइज ठरवायची नाही. साइज वजनकाट्यावर ठरते.

आधी पट्टी, मग काटा

ड्रायव्हरच्या सीटच्या आसपास कुठेतरी गाडीची प्रमाणपत्राची पट्टी चिकटवलेली असते. तिचा फोटो काढा. तिच्यावर गाडीचं एकूण कमाल वजन, प्रत्येक अ‍ॅक्सलचं कमाल वजन, टायरची साइज, डिस्कची साइज आणि थंड टायरमधला हवेचा दाब असं सगळं असतं. १०,००० पौंडांच्या वरच्या गाड्यांसाठी अमेरिकेचा संघीय नियम क्रमांक १२० सांगतो, की अ‍ॅक्सलवरच्या टायरांची मिळून क्षमता त्या अ‍ॅक्सलच्या कमाल वजनापेक्षा कमी असता कामा नये. गाडी बनवणाऱ्यांनी हा नियम पाळलेला असतो, पण बऱ्याचदा अगदी काठावर.

उदाहरणाला अशी गाडी घ्या, जिच्या पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ९,००० पौंड आणि मागच्याची १७,५०० पौंड आहे. २३५/८०, लोड रेंज (टायरच्या ताकदीचा वर्ग) जी, ११० पीएसआयला एकटा असताना ४,६७५ पौंड पेलतो आणि जोडीत असताना ४,४१०. पुढे दोन टायर, म्हणजे ९,३५० पौंड. मागे चार, म्हणजे १७,६४०. अ‍ॅक्सल मर्यादेपर्यंत भरला तर पुढे ३५० पौंड शिल्लक, मागे फक्त १४०. मागच्या बेडरूममध्ये एक माणूस जाऊन बसला की ही शिल्लक संपली.

आता २५५/७०, लोड रेंज एच, १२० पीएसआयला: एकटा ५,५१० पौंड, जोडीत ५,०७०. पुढची बेरीज ११,०२०, मागची २०,२८०. शिल्लक पुढे दोन हजारांवर आणि मागे पावणेतीन हजारांवर जाते. २४५/७५ लोड रेंज जीचे आकडे मात्र २३५/८० सारखेच, ४,६७५ आणि ४,४१०. ही साइज घेऊन वजनाच्या बाबतीत काहीच पदरात पडत नाही, आणि म्हणूनच ती तिसऱ्या नंबरवर.

क्षमता वाढली म्हणून गाडीत जास्त सामान भरायचा परवाना मिळत नाही, हे मात्र ठणकावून सांगायला हवं. अ‍ॅक्सल, पाटे, ब्रेक, बेअरिंग सगळं जुनंच आहे. पट्टीवरची मर्यादा टायर बदलल्याने एक पौंडही वर जात नाही. वाढते ती फक्त टायरची सुरक्षित शिल्लक.

काट्यावर जाताना गाडी प्रवासाला निघाल्यासारखी भरलेली हवी. पाण्याची टाकी भरलेली, पेट्रोल भरलेलं, घरातली सगळी माणसं आत, मागे कार ओढत असाल तर तीही जोडलेली. पाण्याचं वजन गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ७५ गॅलनच्या टाकीचे ६२५ पौंड. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड, म्हणजे ८० गॅलनचे पाचशेच्या जवळ. रिकाम्या गाडीचं वजन घेऊन टायर निवडला तर हे अकराशे पौंड हिशेबाबाहेर राहतात.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा ट्रकचा वजनकाटा असतो. तो पुढच्या अ‍ॅक्सलचं आणि मागच्याचं वजन वेगळं देतो. काम सुरू करायला तेवढं पुरतं, पण त्यात एक मोठी गोष्ट लपलेली राहते. मोटरहोमचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. स्लाइडआउट (गाडी उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग), फ्रिज, जनरेटर, स्वयंपाकाचा ओटा, बॅटऱ्या एकाच बाजूला आल्या की ती बाजू जड होते. पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन ८,८०० पौंड आलं तर ९,००० च्या आत म्हणून निर्धास्त वाटतं. पण त्यात डाव्या चाकावर ४,७०० आणि उजव्यावर ४,१०० असेल, तर डावा २३५/८० आपल्या ४,६७५ च्या मर्यादेबाहेर गेला. बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी कलत नाही, टायर दबलेला वाटत नाही. उन्हाळ्यात ताशी ७० मैलांनी तीन तास चालल्यावर तो आतून तापतो, आणि मग नक्षीखालचे पट्टे सुटतात. म्हणून प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून घ्या. एस्केपीज आरव्ही क्लबची स्मार्टवे सेवा आणि आरव्ही सेफ्टी अँड एज्युकेशन फाउंडेशन हे काम करतात. साइज बदलण्याआधी हा खर्च नक्की करावा.

तीन साइज, माप लावून

२३५/८० आर २२.५ म्हणजे टायर २३५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १८८ मिमी, आणि डिस्क २२.५ इंची. दोन बाजू आणि डिस्क मिळून टायरची एकूण उंची ९४७.५ मिमी. ही नाममात्र मापं. प्रत्यक्ष टायरमध्ये कंपनीगणिक थोडा फरक पडतो, तुलनेला मात्र ती पुरतात.

२४५/७५ ची उंची ९३९ मिमी, म्हणजे एक टक्काही कमी नाही. बसवला तर गाडीला पत्ताही लागत नाही. स्पीडोमीटर, गिअर, चाकांच्या खाचा, सगळं जिथल्या तिथे. सोय म्हणून ही साइज छान. २३५/८० मिळत नाही, डिस्क ६.७५ इंची आहे म्हणून २५५/७० बसत नाही, आणि काट्यावर चाकागणिक वजन मर्यादेच्या बरंच आत आहे, अशा गाडीला २४५/७५ घ्यायला हरकत नाही. पण काठावरच्या गाडीला ही साइज देऊन "अपग्रेड केलं" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

२५५/७० ची उंची ९२८.५ मिमी. मूळ टायरपेक्षा १९ मिमी कमी, म्हणजे दोन टक्के. गाडी साडेनऊ मिमी खाली येते. स्पीडोमीटर ६१ दाखवेल तेव्हा खरा वेग ६० च्या आत असेल. मीटरवर १०,००० मैल पडले तर प्रत्यक्षात ९,८००. इंजिनाचे फेरे त्याच वेगाला दोन टक्के जास्त. डोंगर चढताना हे थोडं कामी येतं, सपाटीवर पेट्रोल किंचित जास्त जातं. दोन टक्क्यांत गाडीचं काही बिघडत नाही. डीलरकडून संगणकात टायरचा आकडा बदलून घेतला की मीटरही बरोबर होतो. बदलून घ्या, कारण सर्व्हिसच्या नोंदी याच मैलांवर ठेवायच्या असतात.

२५५/७० चा खरा फायदा हवेच्या दाबात दिसतो. चाकावर ४,५०० पौंड असतील तर २३५/८० ला आपल्या कमाल ११० च्या अगदी जवळ फुगवावं लागतं. तेवढंच वजन २५५/७० साधारण ९० ते ९५ पीएसआयला पेलतो. नेमका आकडा घेतलेल्या टायरच्या दाबाच्या तक्त्यातूनच (कोणत्या दाबाला किती वजन) काढायचा. पण कमाल दाबाला टेकून रोज चालणारा टायर आणि पंचवीस पीएसआय हाताशी राखून चालणारा टायर यांत रस्त्यावर फरक जाणवतो. सांध्यांवरचे दणके कमी होतात, एफ-५३ ची हायवेवर इकडेतिकडे भटकायची सवय थोडी आवरते. एखादी पीएसआय हवा कमी झाली तरी टायर लगेच धोक्यात येत नाही.

दुसरा फायदा मिळण्याचा. २५५/७० आर २२.५ ही साइज मालवाहू ट्रक, सामान हलवणाऱ्या गाड्या आणि बुटक्या ट्रेलरवर सर्रास चालते. मिशेलिनचा एक्सझेडई या साइजमध्ये मिळतो, इतर कंपन्यांचेही बरेच आहेत. दूरच्या गावात रविवारी संध्याकाळी टायर फुटला तर ट्रकवाल्याच्या दुकानात २५५/७० असण्याची शक्यता २३५/८० पेक्षा कितीतरी जास्त. बऱ्याच क्लास ए गाड्यांना स्टेपनी नसते. तेव्हा हा मुद्दा सोयीपुरता उरत नाही.

डिस्क आणि जोडी: नकार येतो तो इथेच

दुकानदाराने होकार दिला तरी डिस्क नाही म्हणू शकते. २५५/७० ला साधारणपणे ७.५० आणि ८.२५ इंची डिस्क मान्य असतात. २३५/८० आणि २४५/७५ मात्र ६.७५ इंची डिस्कवरही चालतात. त्यामुळे जुन्या टायरची साइज बघून डिस्कचा अंदाज बांधता येत नाही. डिस्कवरचा शिक्का वाचावाच लागतो. लोखंडी डिस्कवर तो हात घालायच्या भोकाच्या आसपास असतो: २२.५ गुणिले ६.७५ किंवा ७.५०, कमाल वजन, कमाल दाब. मागच्या आतल्या डिस्कचा शिक्का खालून टॉर्च मारून बघावा लागतो. मधल्या काळात कुणी एखादी डिस्क बदललेली असू शकते, म्हणून सहाही तपासा. अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला तर तो चढतो, हवाही धरतो. पण त्याची बाजू चुकीच्या कोनात वाकते, नक्षीचा मधला भाग फुगतो आणि कडा नीट टेकत नाहीत. असा टायर बाजूने तापून जातो.

कमाल दाबाचा आकडा वाचायला लोक विसरतात. लोड रेंज एचच्या टायरला पूर्ण क्षमतेसाठी १२० पीएसआय लागतात. डिस्कवर कमाल ११० कोरलेलं असेल तर ११० च्या वर हवा भरायची नाही, आणि टायरची क्षमता तक्त्यात ११० च्या रकान्यात असेल तेवढीच धरायची. डिस्कचं कमाल वजनही चाकावरच्या वजनापेक्षा जास्त हवं. साखळी कमकुवत कडीपाशी तुटते, आणि टायर मोठा घेतला की ती कडी डिस्क असू शकते.

लोड रेंजबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. जी म्हणजे १४ प्लाय रेटिंग (थरांवरून दिलेला ताकदीचा आकडा), एच म्हणजे १६, जे १८, एल २०. एकाच साइजमध्ये जीच्या जागी एच घेतला म्हणून ११० पीएसआयला तो जास्त वजन पेलत नाही. त्याच दाबाला दोन्ही साधारण सारखंच वजन घेतात. एचला फक्त त्याच्या पुढे हवा भरता येते. क्षमता हवेत असते, टायर ती हवा धरून ठेवतो. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर तक्ता वाचणं सोपं जातं.

आता मागची जोडचाकं. आतला आणि बाहेरचा टायर यांच्या मध्यांमधलं किमान अंतर प्रत्येक टायरच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. टायर रुंद झाला की हे अंतर वाढतं. २५५/७० ला ते सव्वाअकरा इंचांच्या आसपास लागतं, २३५/८० ला त्याहून कमी. तुमच्या गाडीत किती अंतर आहे ते काढायला डिस्कचा ऑफसेट (हबला टेकणाऱ्या बाजूपासून डिस्कच्या मध्यापर्यंतचं अंतर) बघायचा आणि दुप्पट करायचा. ऑफसेट साडेपाच इंच असेल तर मध्यांतर अकरा इंच. मग सव्वाअकरा मागणारा टायर तिथे बसायला नको. जुन्या जोडीवर टेप धरूनही पडताळता येतं: आतल्या टायरच्या डाव्या कडेपासून बाहेरच्या टायरच्या डाव्या कडेपर्यंत.

अंतर कमी पडलं तर काय होतं? उभ्या गाडीत दोन्ही टायरांमध्ये फट दिसते, म्हणून लोक फसतात. वजन पडलं, वळण आलं, खालची बाजू फुगली की दोन्ही टायर एकमेकांना घासतात. घासलेल्या जागी रबर पातळ होतं, उष्णता साठते, आणि फटीत अडकलेला दगड दोन्हींना चिरतो. एकदा घासल्याची काळी चकचकीत पट्टी बाजूवर दिसली की ती जोडी चुकीची आहे हे नक्की. काही दुकानं जोडीत जाड स्पेसर (अंतर वाढवणारी चकती) टाकायला सुचवतात. त्यापेक्षा मूळ साइजच बरी. स्पेसरने स्टडची पकड कमी होते, आणि जोडचाकाच्या नटवर सगळा संसार असतो.

जोडीतले दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. उंचीत पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. उंच टायर जास्त वजन घेतो आणि तापतो, बुटका फरफटत झिजतो. म्हणून आत २३५/८० आणि बाहेर २५५/७० असली जोडी तात्पुरतीसुद्धा नको. एक नवा आणि एक गोटा टायर अशी जोडीही नको. पुढे एक साइज आणि मागे दुसरी असं करणारे आहेत, पण मग अदलाबदल बंद होते आणि एबीएसला चाकांचे फेरे वेगळे दिसतात. सहाही एकाच साइजचे घ्या.

पुढच्या चाकांना रुंद टायर लावताना स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. टायर आणि स्टिअरिंगचा दांडा, टायर आणि खाचेची आतली भिंत, टायर आणि ब्रेकची नळी, या तीन जागा हाताने चाचपायच्या. गाडी जॅकवर असताना नव्हे, वजन चाकांवर असताना. मागे आतल्या टायरची पाट्यापासूनची आणि सायलेन्सरच्या पाइपापासूनची फट बघा. पाइपाजवळ गेलेला टायर हळूहळू भाजला जातो.

२५५/८० आणि २७५/७० का नाहीत

कुणी याहून मोठं सुचवेल. २५५/८० आर २२.५ ची उंची ९७९.५ मिमी, मूळ टायरपेक्षा ३२ मिमी जास्त. गाडी १६ मिमी वर जाते, खड्ड्यात टायर खाचेच्या छताला लागू शकतो आणि गिअर लांब पडतो. व्ही-१० इंजिनाला डोंगरात ते जाचतं. शिवाय हीही प्रामुख्याने मोटरहोमचीच साइज, म्हणजे मिळण्याची अडचण तशीच राहिली. २७५/७० आर २२.५ ची उंची ९५६.५ मिमी, त्या मापाने मूळ टायरच्या अगदी जवळ. पण तो ४० मिमी जास्त रुंद आहे, आणि २३५/८० साठी बांधलेल्या जोडचाकांच्या अंतरात तो बसण्याची आशा ठेवू नये.

२७५/७० वरून एक इतिहास सांगायला हवा, कारण अशा गाड्या अजून बाजारात फिरतात. गुडइयरचा जी१५९ हा टायर या साइजमध्ये १९९६ ते २००३ या काळात बनला आणि मोटरहोमवर लागला. तो शहरातल्या डिलिव्हरी गाड्यांच्या कामाचा होता. मोटरहोमवर तासन्‌तास हायवेच्या वेगाने चालताना तो निकामी होतो असं अमेरिकेच्या रस्तासुरक्षा यंत्रणेचं म्हणणं पडलं. कंपनीने टायरमध्ये दोष असल्याचं मान्य केलं नाही, तरी २०२२ मध्ये सुमारे १,७३,००० टायर परत मागवण्यात आले. सेकंडहँड गाडीवर हा टायर दिसला तर एक मैलही चालवू नका. साइज, क्षमता, उंची सगळं जुळलं तरी टायर कुठल्या कामासाठी बनला आहे हे बघावंच लागतं. शहरबस आणि कचरागाडीच्या काही टायरांची वेगमर्यादा ताशी ५५ मैलांच्या आसपास असते. ते स्वस्तात मिळाले तरी हायवेच्या मोटरहोमला नकोत. माहितीपुस्तिकेत ७५ मैलांची मर्यादा आणि सर्व अ‍ॅक्सलवर चालणारी रिब (सरळ लांब खाचांची) नक्षी असेल तेच घ्या.

डिझेल पुशरवाल्यांसाठी थोडक्यात

मागे इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांवर २७५/८० आर २२.५ असतो. लोड रेंज जीचा एकटा टायर ६,१७५ पौंड पेलतो, एचचा ७,१६०. डिस्कवर १२० पीएसआयची मान्यता असेल तर साइज न बदलता नुसता जीचा एच केला तरी हजार पौंडांच्या जवळ मिळतात, आणि कुठलंही माप बदलत नाही. पहिला विचार याचाच व्हावा. २९५/८० आर २२.५ एचचा ७,८३० पेलतो, पण तो २७५/८० पेक्षा ३२ मिमी जास्त उंच आणि २० मिमी जास्त रुंद. पुन्हा जोडीचं अंतर, पुन्हा खाच, पुन्हा मीटर. ३१५/८० ची मुख्य डिस्क नऊ इंची, सव्वाआठ इंची डिस्कवर तो चढवण्याआधी माहितीपुस्तिका बघायची. फोर्डच्या ई-४५० चासीवरच्या क्लास सी गाडीचा (व्हॅनच्या पुढच्या भागावर बांधलेल्या लहान मोटरहोमचा) प्रश्न वेगळा: तिथे एलटी (हलक्या ट्रकचा टायर) २२५/७५ आर १६, लोड रेंज ई, ८० पीएसआयला जोडीत २,४७० पौंड, चार मिळून ९,८८० आणि अ‍ॅक्सलची मर्यादा ९,६००. तिथेही शिल्लक थोडीच. साइजशी खेळण्याआधी सामान कमी करणं हाच शहाणपणा.

तक्ता, बिल आणि बसवणूक

दाबाचा तक्ता वाचताना जोडीच्या आकड्याकडे नीट बघा. मिशेलिनच्या मोटरहोम तक्त्यात जोडीचा आकडा अ‍ॅक्सलच्या एका टोकाचा, म्हणजे दोन टायरांचा मिळून असतो. २३५/८० ला ११० पीएसआयसमोर तिथे ८,८२० दिसतं. काही कंपन्या एकाच टायरचा आकडा देतात. दोन तक्त्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात नसेल तर हिशेब सरळ दुपटीने चुकतो. दाब ठरवताना अ‍ॅक्सलचं जड टोक धरायचं, त्यावरून मिळालेला आकडा त्या अ‍ॅक्सलच्या सगळ्या टायरांना द्यायचा, वर पाच पीएसआय राखीव. हवा सकाळी, टायर थंड आणि सावलीत असताना मोजायची. १०० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान दहा अंश फॅरनहाइट बदललं की साधारण दोन पीएसआयचा फरक पडतो. दुपारी गरम टायरची वाढलेली हवा काढून टाकण्याची चूक करू नका.

बिलात एफईटी नावाची ओळ दिसेल. ती दुकानदाराची लबाडी नाही. ३,५०० पौंडांपेक्षा जास्त क्षमतेच्या टायरवर वरच्या प्रत्येक १० पौंडांमागे ९.४५ सेंट हा संघीय कर आहे. २३५/८० ला तो ११.०६ डॉलर, २५५/७० ला १८.९९ डॉलर. सहा टायरांमागे फरक ४८ डॉलरच्या आत. एवढ्यासाठी कमी क्षमतेचा टायर घेऊ नये. फॅमिली मोटर कोच असोसिएशन या नावाने सुरू झालेल्या मोटरहोम मालकांच्या संघटनेच्या सभासदांना काही कंपन्यांचे टायर सवलतीत मिळतात, मोठ्या खरेदीत ती वर्गणी वसूल होऊ शकते.

टायर उतरवून घेताना दुकानातच टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे (टायर कधी बनला ते सांगणारे) शेवटचे चार अंक वाचा. ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२ वा आठवडा. सहाही टायर सहा महिन्यांच्या आतले मागा, आणि ही अट पैसे देण्याआधी घाला. मोटरहोमचा टायर झिजून जात नाही, वयाने जातो. मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सांगते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर मात्र सहा-सात वर्षांतच बाजूने चिरा दाखवू लागतात. दुकानात दोन वर्षं पडून असलेला "नवा" टायर घेतला तर तुमची दोन वर्षं आधीच गेली.

रबरी व्हॉल्व्ह असतील तर धातूचे बसवून घ्या. आतल्या टायरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून लोक हवा बघणंच टाळतात, त्यासाठी लांब धातूची नळी आणि तिला घट्ट आधार हवा. बॅलन्ससाठी आत मणी किंवा पावडर टाकणार असाल तर जाळीचा व्हॉल्व्हकोअर सांगा, नाहीतर कण अडकून हवा गळते. एम२२ (२२ मिमी) नटच्या हबपायलट (डिस्क हबवर नेमकी बसते अशा) चाकांना सर्वसाधारण टॉर्क ४५० ते ५०० फूटपौंड. नटचा वायसर सहज फिरतो का ते बघायचं, स्टडच्या शेवटच्या दोन-तीन आट्यांवर दोन थेंब तेल टाकायचं. डिस्कच्या बसणीवर गंज किंवा रंगाचा जाड थर असेल तर आधी घासून काढायचा, कारण तो दबला की नट आपोआप सैल होतात. इम्पॅक्ट गनने आवळून सोडणाऱ्या दुकानात टॉर्क रेंच आणा म्हणून सांगा, आणि आणेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर सगळे नट पुन्हा टॉर्कवर तपासायचे. त्याच वेळी जोडचाकांच्या फटीत टॉर्च मारा आणि दोन्ही टायरांच्या बाजूंवर घासल्याची काळी पट्टी उमटलीय का बघा. पट्टी दिसली तर टायर अजून परत करता येण्याजोगे असताना दुकानात परत जा.